चारचौघांचा जिना
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण, स्मरणिकेसाठी किरकोळ दुरुस्त्या करून)



संमेलनाच्या चिटणिसांनी आम्हांस भाषणाचे निमंत्रण दिले तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. अशा प्रसंगी आमच्या वयाच्या मनुष्याने ज्ञातीची पूर्वपीठिका, कुलदैवते अथवा विवाहजुळणीतील अडचणी यांवर बोलावे, असा आपल्याकडील परिपाठ आहे. तो मोडण्याची आमची हौस नाही. परंतु पस्तीस वर्षे नगरपालिकेच्या नोकरीत परवान्यांचे कागद हाताळण्यात गेल्यामुळे आमचे ज्ञान फार अरुंद झाले आहे, आणि जे आपणांस ठाऊक आहे त्यावरच बोलावे हे बरे, असे समजून आम्ही आज एका जिन्याविषयी बोलणार आहो. तो जिना म्हणजे आपल्या या कार्यालयाच्या मागील अंगाचा, भटारखान्यालगतचा जिना होय. आपणांपैकी पुष्कळांनी तो कधी पाहिलाही नसेल, कारण गेली कित्येक वर्षे त्यावर जाजमे, पाट, समया, मांडवाचे बांबू आणि मोठी पातेली यांची वस्ती आहे.

गेल्या पावसाळ्यापूर्वी अग्निशमन दलाचे अधिकारी पाहणीस आले आणि त्यानंतर मंडळास नोटीस आली, हे आपण ऐकून आहात. मागचा जिना मोकळा करावा. त्याचे दार आत उघडते ते बाहेर उघडेल असे करावे. सभागृहात एका वेळी किती माणसे सामावतील तो आकडा दर्शनी जागी लावावा. अशा तिच्यातील मुख्य बाबी आहेत. ती नोटीस वाचली गेली त्या सभेत जो संताप उसळला, तो आम्ही स्वतः पाहिला. आपल्या आजोबा-पणजोबांनी वर्गणी गोळा करून बांधलेल्या वास्तूस नोटीस! शहरात इतके बेकायदा प्रकार चालले असता आमच्याच दारी हे का? एका ज्ञातिबंधूंनी तर, वरच्या ओळखीने हे प्रकरण मिटविता येईल, असेही सुचविले, आणि त्यांच्या सूचनेस टाळ्या पडल्या. त्या टाळ्या ऐकून आम्ही त्या सभेत गप्प बसलो. का गप्प बसलो, ते प्रथम सांगितले पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी येथे एक कार्य होते. घराणे आपल्यातले, लोकसंग्रह मोठा, मुहूर्त दुपारचा. भोजनाची व्यवस्था वरच्या मजल्यावर होती. पहिली मंडळी जेवून उतरू लागली आणि त्याच वेळी बाहेर मोठी सर आली. अंगणातली माणसे आत शिरली, जिन्याकडे वळली, आणि उतरणारे व चढणारे एकमेकांस भिडले. आम्ही त्या वेळी जिन्याच्या मधल्या वळणावर होतो. पहिली दोन मिनिटे थट्टामस्करीत गेली. मग एकदम लक्षात आले की आपला हात खांद्यापर्यंत उचलता येत नाही. समोरच्या बाईंच्या कडेवर मूल होते, ते रडावयाचे थांबले, आणि ते थांबले म्हणून आमच्या पोटात गोळा आला. मागच्यांना यातील काही दिसत नव्हते. ते 'चला, पुढे चला' असे म्हणतच होते. कोणीतरी मागच्या दाराकडे धावले, तर त्याला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो पहारेकरी बर्फ आणावयास गेलेला. अखेरीस आचाऱ्याच्या हाताखालील एका पोराने प्रवेशद्वाराशी उभे राहून आत येणारांस अक्षरशः हात पसरून अडविले, तेव्हा खालचा दाब सैल झाला. एका वृद्ध भगिनीचे मनगट मोडले, त्या मुलास पाणी मारून शुद्धीवर आणावे लागले. तेवढ्यावर निभावले. संध्याकाळी वरात निघाली आणि प्रसंग विसरला गेला. त्या वर्षीच्या अहवालात त्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

मागच्या दारास कुलूप असावे, हा ठराव त्याच्याही आधीचा. भांडी चोरीस जातात अशी तक्रार होती. त्या ठरावाखाली ज्या पाच सह्या आहेत, त्यांतील एक आमची आहे. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे तपासून 'दुसरा मार्ग दाखवा' असे शेरे मारले, त्याने स्वतःच्या ज्ञातीच्या वास्तूत मात्र दुसरा मार्ग पातेल्यांच्या रक्षणार्थ बंद केला. तेव्हा आज जे आम्ही बोलत आहो, ते उपदेशाच्या उच्चासनावरून नव्हे, ही गोष्ट आपण ध्यानी घ्यावी.

आता, जिन्यात माणसे दगावतात ती कशाने? पुष्कळांची समजूत अशी की लोक घाबरून पळतात, पडतात आणि तुडविले जातात. तसेही घडते, पण बहुधा माणूस उभ्यानेच गुदमरतो. छाती फुगावयास जागा राहत नाही. एका चौरस मीटरात पाच-सहा माणसांहून अधिक दाटी झाली की प्रत्येकाची हालचाल त्याच्या स्वाधीन राहत नाही. समूह पाण्यासारखा हेलकावे खाऊ लागतो, आणि मागच्याने दिलेला लहानसा रेटा पुढच्यापर्यंत पोहोचेतो प्रचंड होतो. या प्रकारात कोणी दुष्ट नसतो. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर जे २३ जीव गेले, ते असेच गेले. पाऊस होता, उतरलेली माणसे आडोशास जिन्यावर थबकली, मागून गाड्या माणसे आणून सोडीतच होत्या. पुढे लष्कराच्या अभियंत्यांनी तेथे नवा पूल उभारला, तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला, आणि त्याच वर्षी स्थानकाचे नावही प्रभादेवी झाले. आमच्या जिन्यातला तो पाऊस आणि त्या पुलावरचा पाऊस यांत आम्हांस तरी फरक दिसत नाही. फरक पडला तो त्या पोराच्या पसरलेल्या दोन हातांमुळे.

त्याच्या आधीचा, सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीचा प्रसंग आपणांतील अनेकांना आठवत असेल. २५ जानेवारी २००५, पौष पौर्णिमेची यात्रा. अरुंद वाट, नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंस दाटीने लागलेली दुकाने, आणि त्यांत स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्या. त्या दिवशी २९० हून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. भगिनींनो, आपल्या भटारखान्यातील टाक्या कोठे ठेवल्या जातात, ते आपण आम्हां पुरुषांपेक्षा अधिक जाणता. त्या मागच्या जिन्याखाली ठेवल्या जातात. म्हणजे संकटसमयी ज्या वाटेने निघावयाचे, तिच्याच तोंडाशी.

आगीविषयी बोलावयाचे तर दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाचे उदाहरण पुरे आहे. १३ जून १९९७ रोजी तेथे ५९ प्रेक्षक मरण पावले. आग लागली ती तळमजल्यावरील वाहनतळात, वीज मंडळाच्या रोहित्राला. प्रेक्षागारातील एकाही खुर्चीला नव्हे. माणसे गेली ती धुराने. धूर जिन्यावाटे वर चढला आणि बाल्कनीत साचला. त्या बाल्कनीत अधिक तिकिटे खपावीत म्हणून जादा खुर्च्या बसविल्या होत्या आणि त्यापायी एका बाजूची वाट बुजली होती. पुढे कित्येक वर्षे खटला चालला. मुंबईत कमला मिल आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहास २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १४ जण दगावले, त्यांतील अनेकजण स्वच्छतागृहात आश्रयास गेले होते. बाहेर पडण्याची वाट ठाऊक नसली, की घाबरलेला मनुष्य भिंतीआड शिरतो. तो आपल्या परीने सुरक्षित जागीच जात असतो.

दार बाहेर उघडावे, या मागणीवर आपल्या सभेत सर्वांत अधिक हशा झाला. 'दार कोणीकडे उघडावे हेही आता सरकार सांगणार काय?' असा प्रश्न आला. त्याचे उत्तर सोपे आहे. आत उघडणारे दार उघडावयाचे तर दारासमोरच्यास एक पाऊल मागे यावे लागते. जेव्हा त्याच्या पाठीशी शंभर माणसांचा भार असतो, तेव्हा ते एक पाऊल त्यास मिळत नाही, आणि ज्या गर्दीला बाहेर पडावयाचे तीच गर्दी दार घट्ट मिटून धरते. बाहेर उघडणारे दार त्याच भाराने आपोआप उघडते. नियमाची पाने बहुधा रुक्ष असतात, पण त्यांतील एखादे कलम कोठून आले याचा माग काढीत गेले, तर शेवटी कोठल्यातरी बंद दारापाशी जाऊन पोहोचावे लागते.

महाराष्ट्रात याविषयीचा स्वतंत्र कायदा २००६ सालचा आहे. आग प्रतिबंध व जीवसंरक्षक उपाययोजना यांचा तो अधिनियम होय. आपल्या इमारतीतील अग्निरोधक साधने चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्याने मालकावर अथवा वापरणारावर टाकली असून, तशा अर्थाचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत व जुलैत द्यावे लागते. आपल्या मंडळाने ते किती वेळा दिले, याची चौकशी आम्ही केली. उत्तर येथे सांगून विश्वस्तांस संकोचात टाकण्याची इच्छा नाही. आम्हीही काही काळ त्यांतीलच एक होतो.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. नियम असतात ते गरिबाला नडावयास आणि श्रीमंताकडून चिरीमिरी उकळावयास, असे लोक म्हणतात. नोकरीत असताना आम्ही असे होताना पाहिले आहे, हे नाकारीत नाही. शिवाय नियम चांगल्या हेतूने केलेला असला तरी तो कसा राबविला जातो यावर त्याचे भवितव्य ठरते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवीत त्याचे निदान प्रथम केले ते डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्यांनी. पुढल्या वर्षी साथरोगांचा कायदा झाला. हाच कायदा २०२० मध्ये करोनाच्या वेळी पुन्हा उपयोगात आणला गेला. घरे धुणे, रोगी वेगळे ठेवणे, हे उपाय निरर्थक नव्हते. पण पुण्यात गोरे सोल्जर माजघरात, देवघरात शिरले, बायाबापड्यांची विटंबना झाली, आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. मुंबईत त्यानंतर, १८९८ मध्ये, शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. त्याने समुद्राचा वारा दाट वस्तीत खेळावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले. पण त्यासाठी ज्यांची घरे पडली त्या साऱ्यांना नवी घरे मिळाली असे नाही. तेव्हा नियमाकडे संशयाने पाहणे ही आपली जुनी, अनुभवाने आलेली सवय आहे. तिला आम्ही दोष देत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, संशय घ्यावयाचा तो नियम राबविणाराच्या वर्तनाचा घ्यावा, दाराच्या बिजागरीचा घेऊ नये.

आणि दुसरे एक, जरा अप्रिय. सार्वजनिक जागा म्हणजे काय, हा प्रश्न महाराष्ट्रात केवळ सोयीचा कधीच नव्हता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला, की सरकारी खर्चाने झालेली वा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे कागदावर खुलेही केले. तरी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यावयास १९३७ साल उजाडले. पुढे संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांची नावे घालून हा हक्क लिहिला गेला. ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे सांगण्याचे कारण असे की, रस्ता आपला, चौक आपला, दारापुढील पदपथ आपला, असे आपण सहज म्हणतो, तेव्हा त्या 'आपला' मध्ये कोण कोण आहे हे आपण क्वचितच तपासतो. आपल्या कार्यालयापुढील पदपथावर कार्याच्या दिवशी आपण मांडव घालतो, तेव्हा आंधळा मनुष्य, गाडा ओढणारा, शाळेतून येणारी पोरे भर रस्त्यातून चालतात. भारतीय दंड संहितेत रस्त्यात अडथळा करण्यास जास्तीत जास्त २०० रुपये दंड होता, तो १८६० पासून दीडशेहून अधिक वर्षे तसाच राहिला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्याय संहितेत तो ५,००० रुपयांपर्यंत झाला आहे. मांडवाच्या खर्चात ही रक्कम दिसणारही नाही, हे आम्हांस कळते. आम्ही दंडाची भीती घालीत नाही.

ध्वनीविषयी थोडक्यात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या भोवतालच्या १०० मीटरांत ती ५० आणि ४० आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातून फार तर पंधरा दिवस, आणि तेही मध्यरात्रीपर्यंतच, राज्य शासन सवलत देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये याच विषयावर सविस्तर निर्णय देताना, ज्याला ऐकावयाचे नाही त्याच्या कानी बळेच आवाज घालण्याचा हक्क कोणासही नाही, अशा आशयाचे विवेचन केले आहे. आपल्या वरातीतील बँड दहानंतर थांबतो खरा. पण तो थांबतो तो बहुधा समोरच्या इमारतीतून कोणी दूरध्वनी केल्यावर. त्या इमारतीत दोन वर्षे अंथरुणास खिळलेले एक गृहस्थ होते. त्यांच्या पत्नी एकदा आम्हांस भेटल्या असता म्हणाल्या, 'तुमच्याकडे लग्न असले की यांना झोपेची गोळी आधी द्यावी लागते.' त्या रागाने बोलल्या असत्या, तर आम्हांस इतके लागले नसते.

अभिनंदनाच्या फलकांबद्दलही बोलावयाचे होते. पण घाटकोपरला १३ मे २०२४ च्या वादळात १२० फूट लांब व तितकाच उंच जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसे गेली, एवढे स्मरण देऊन तो विषय सोडतो. आपले फलक लहान असतात, हे मान्य. ते विजेच्या खांबास सुतळीने बांधलेले असतात, हेही खरे.

आता काही मंडळी म्हणतील, ही शिस्त परकी आहे, आपल्या स्वभावात नाही. आम्हांस ते पटत नाही. आपल्या पंगतीचा विचार करावा. किती पाने मांडावयाची हे आधी ठरलेले. पहिली पंगत उठल्याविना दुसरी बसावयाची नाही. कोणी मध्येच उठावयाचे नाही. यजमान स्वतः दाराशी उभा राहून 'आपण दुसऱ्या पंगतीस' असे नम्रपणे सांगणार, आणि त्यात कोणास अपमान वाटत नसे. याहून चोख गर्दीची व्यवस्था कोणत्या अधिकाऱ्याने सांगितली आहे? हातात ताटली घेऊन उभ्याने जेवण्याची पद्धत आली, आणि पंगतीबरोबर तो दाराशी उभा राहणारा यजमानही गेला. उभ्याने जेवणे वाईट असे आम्ही म्हणत नाही. आमचेही गुडघे आता पाटावर बसू देत नाहीत. पण पंगत गेली तेव्हा तिच्याबरोबर काय गेले, हे कोणी मोजले नाही.

चाळीत वाढलेल्यांना नळावरील हंड्यांची रांगही आठवेल. हंडा ठेवून बाई घरी गेली तरी तिचा क्रमांक कोणी मोडीत नसे, आणि मोडलाच तर साऱ्या मजल्याचा निवाडा पोलिसाच्या निवाड्याहून कडक असे. गॅलरीत सामान ठेवण्यावरून होणारी भांडणेही याच जातीची. ज्यांना आपण त्या काळी कटकटे म्हणत होतो, ते शेजारी एका अर्थी मजल्याचे अग्निशमन अधिकारीच होते.

आणि वारी. आषाढीच्या वाटेवर लाखोंचा समुदाय चालतो. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत दिंड्या चालतात त्या क्रमांकाने. रथापुढच्या किती, रथामागच्या किती, कोणी कोणाच्या पुढे जावयाचे नाही, हे सारे ठरलेले. ही घडी बसविणाऱ्यांत हैबतबाबा आरफळकरांचे नाव आदराने घेतले जाते. मुक्कामी समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि तो एवढा समुदाय स्तब्ध होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते, म्हणजे चोपदाराने तिच्यापाशी जावे, तक्रार ऐकून घ्यावी, आणि मग आरती व्हावी. आम्हांस या प्रथेत दंडाइतकेच त्या वाजत राहणाऱ्या टाळांचे महत्त्व वाटते. आपल्या सभेत नोटिशीवर जो गलका झाला, त्याला आम्ही टाळच समजतो. ज्यांची तक्रार आहे त्यांनी ती मांडावी. पाहुण्यांची संख्या मर्यादित केली तर कोणाला वगळावयाचे, ही मोठी अडचण आहे. मुलीच्या बापाला ती अधिक जाचते, कारण ज्याला निमंत्रण गेले नाही तो नातलग रुसतो, आणि तो रुसवा मुलीला सासरीही ऐकावा लागतो. कार्यालयाचे भाडे हे मंडळाच्या शिष्यवृत्तिनिधीचे मुख्य उत्पन्न आहे; आकडा दाराशी लागला तर मोठी कार्ये दुसरीकडे जातील आणि चार मुलांच्या फीचे पैसे कमी पडतील, असे खजिनदारांचे म्हणणे आहे, आणि ते हिशेबाने बरोबर आहे. या अडचणींचे उत्तर आमच्यापाशी तयार नाही. कार्य सकाळ व संध्याकाळ असे दोन वेळांत विभागावे, भोजनाच्या वेळा निमंत्रणपत्रिकेवरच छापाव्यात, तोट्यापुरती जादा वर्गणी सधन घराण्यांनी सोसावी, अशा सूचना आल्या आहेत. त्यांवर आजच्या दुपारच्या सत्रात विचार व्हावा.

वरच्या ओळखीने नोटीस मिटविण्याविषयी मात्र आम्हांस स्पष्ट बोलले पाहिजे. ती मिटू शकेल. कागद फाइलीतून नाहीसा होऊ शकतो, हे आम्ही नोकरीत पाहिले आहे. पण त्यायोगे जिन्यावरची पातेली हलणार नाहीत. पुढे काही विपरीत घडलेच, तर ज्यांची मुले त्या जिन्यात अडकतील ते आपल्याच यादीतील असतील, आणि मिटविणारांची नावेही आपल्याच यादीतील असतील. म्हणून, तसा प्रस्ताव आला तर आम्ही त्यास विरोध करू आणि आमचा विरोध नावानिशी नोंदविण्याचा आग्रह धरू. मागील ठरावावर आमची सही आहे, तेव्हा यावर नसावी एवढी सवड आम्हांस मंडळाने द्यावी.

जिना मोकळा करण्याचे काम येत्या रविवारी सकाळी आठ वाजता सुरू होईल. समया व चांदीची उपकरणे मोजून घेण्यासाठी भगिनी मंडळाच्या दोघींनी यावे. मोठी पातेली उचलावयास किमान आठ तरुण हवेत. नावे चिटणिसांकडे द्यावीत. बांबू आणि जाजमे ठेवण्यास गोदामाची जागा अद्याप मिळालेली नाही. कोणा ज्ञातिबंधूंच्या दुकानामागे अथवा वखारीत महिन्या-दोन महिन्यांपुरती सोय होत असेल तर त्यांनी सभा संपताच आम्हांस भेटावे. गॅसच्या टाक्या आवारातील उघड्या शेडमध्ये हलवावयाच्या आहेत. सुतार सोमवारी येतो, तो दाराची बिजागरी फिरवील. कुलूप आम्ही काल संध्याकाळीच काढले असून ते किल्लीसह येथे, या टेबलावर ठेवले आहे.